एक म्हणजे दुसरी

कासमने बटण दाबलं, पडद्यावर ओळी भराभर वर पळाल्या, आणि तो म्हणाला, "वहिनी, एक म्हणजे दुसरी."

मी समोर लसूण सोलत बसले होते. म्हटलं, "एक म्हणजे एक. बिगारीत शिकवतात."

"इथे शून्यापासून मोजतात. शून्य म्हणजे पहिली, एक म्हणजे दुसरी. मी एक लिहिलं." त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याचं तोंड असं झालं की मी लसूण खाली ठेवला.

झालं होतं एवढंच. कॉम्प्युटरच्या खोक्यात दोन डिस्का होत्या. डिस्क म्हणजे सगळं साठवून ठेवायची चपटी डबी. पहिली कोरी होती. दुसरी जुनी, त्याच्या मुलाने, इरफानने, कॉलेजात असताना सगळं बसवून दिलेली. पहिलीवर नवीन काहीतरी घालायचं होतं, आणि घालण्याआधी मशीन डिस्क पुसून घेतं. पुसली गेली दुसरी. मशीनने त्याला विचारलंही होतं, नक्की ना? त्याने नक्की म्हणून सांगितलं. मी ऐकलं. तोंडाने मोठ्याने "नक्की" म्हणायची त्याला सवय आहे.

कासम माझा शेजारी. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमची दोन घरं, मध्ये जांभ्याचा कमरेएवढा गडगा. तो जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. माझ्या नवऱ्याचा दोस्त, पण वयाने बराच लहान, म्हणून मी वहिनी आणि तो अरेतुरे. पुढे माझा नवरा गेला, त्याची बायको जुबेदा गेली, इरफान कॅनडाला गेला. राहिलो तो, मी आणि गडगा.

जहाज सोडून आलेली माणसं आपल्याकडे काय करतात? कुणी कलमांची बाग घेतो, कुणी ट्रॉलरमध्ये भागी घालतो, कुणी कट्ट्यावर बसून रोज तेच वादळ सांगतो आणि दर वेळी लाट हातभर वाढवतो. कासमने कॉम्प्युटर गोळा केले. लोकांनी टाकून दिलेले, झाकणं नसलेले, खाऱ्या हवेने गंजलेले. माजघरात जिथे जुबेदाची भाताची कणगी होती तिथे आता हे खोके आहेत आणि त्यांचे पंखे घरघरतात. मांजर त्यांच्या पाठीमागे उबेला झोपतं. कुणी भंगारवाला समजून हाक मारली तरी कासम रागावत नाही. "काही आहे का तुमच्याकडे?" असं उलट विचारतो.

त्या खोक्यांचं तो करतो काय, तर तुलना. कॉम्प्युटरला उठवणारी आणि कामाला लावणारी एक मुख्य वस्तू असते, तिला सिस्टिम म्हणतात. दुकानात ती विकत मिळते. कासमच्या सगळ्या फुकट, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या. युनिक्स नावाचं म्हणे एक जुनं घराणं आहे. त्यातल्या काही सिस्टिमा सख्ख्या नात्याच्या आणि काहींनी नुसती चाल उचललेली. लिनक्स ती चाल उचललेली. तिचं चित्र पेंग्विनचं. तिच्याही पुन्हा शंभर वाड्या, आणि प्रत्येक वाडीला वाटतं खरी पूजा आपल्याकडेच होते. दुसऱ्या त्या बीएसडी म्हणतात त्या. एकीवर शिंगवालं लाल सैतानाचं पोर. ते चित्र पडद्यावर आलं त्या दिवशी जुबेदाने मशीनवर फडकं घातलं होतं, ते फडकं अजून तिथेच आहे. आणि त्यांतल्याच दुसरीवर केंड.

केंड म्हणजे पोट फुगवणारा, काटेरी, विषारी मासा. आमच्या बंदरावर जाळ्यात आला तर शिवी हासडून परत पाण्यात टाकतात. ह्या मेल्याने तो घरात आणून बसवला.

"यातली चांगली कुठची?" असं मी एकदा विचारलं. ती चूक मी परत केली नाही.

"कुठल्या कामाला?" कासम म्हणाला.

हे त्याचं पालुपद. कसलंही विचारा. बंदरावर कुणी म्हणालं, भाई, सुरमई घेऊ की हलवा? "कुठल्या कामाला?" घरावर कौलं बरी की पत्रा? "कुठल्या कामाला?" एकदा खालच्या वाडीतली माणसं एका मुलाची चौकशी करायला आली होती. मुलगी द्यायची होती त्या घरात. त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? कासम म्हणाला, "कुठल्या कामाला?" माणसं चहा न घेता उठली.

त्याचं म्हणणं असं. इंटरनेटवर लोक आकडे टाकतात, ही सिस्टिम इतकी जलद, ती तितकी. ते आकडे त्यांच्या मशीनवरचे, त्यांच्या कामाचे. त्यांना हजार गिऱ्हाइकांना एकदम वाढायचंय. मला एका वहिनीला वाढायचंय. मग त्यांचा आकडा मी कशाला धरू?

ती वहिनी म्हणजे मी. कासमच्या परीक्षेतलं गिऱ्हाईक मी. मला म्हणाला, "तुम्ही चौथी पास, बोटं जाड, चष्मा जुना, आणि धीर अजिबात नाही. तुमच्याहून चांगलं गिऱ्हाईक मला रत्नागिरीत मिळणार नाही." मी म्हटलं, "मेल्या, हे कौतुक तुझ्याकडेच ठेव." पण गेले. घरात बसून तरी काय करायचं होतं?

परीक्षा अशी. मशीन सुरू करायचं. एक कोरी खिडकी उघडायची. मराठी अक्षरांचा तक्ता त्याने शिकवला होता, त्यावरून माझं नाव लिहायचं. मग माझ्या नातीच्या नाचाचा व्हिडिओ लावायचा. कासम जहाजावरचं थांबघड्याळ घेऊन मागे उभा. मग सिस्टिम बदलायची आणि परत तेच. नात माझी नाचून नाचून दमली असेल.

एकदा केंडाने व्हिडिओ एका झटक्यात लावला. एरवी केंड सावकाश. दार घट्ट, कड्या चार, चोर शिरणार नाही, पण घाई म्हणून नाही. कासम उडालाच. मग एकदम थांबला. "वहिनी, आधी एकदा लावला होतात का?"

"लावला होता. तू चहा ठेवत होतास तेव्हा."

"मग हा धरायचा नाही! मशीनच्या तोंडातच होता तो घास. हे तापल्या तव्यावरचं घावन झालं. बंद करून, थंड करून, परत."

मी म्हटलं, "आणि पहिलं घावन? ते चिकटतं, फाटतं, ते कोण खातं? मी खाते. ते का नाही धरायचं?"

त्याने हनुवटी खाजवली. म्हणाला, "दोन्ही धरायचे, पण वेगवेगळे. दिवसभर मशीन चालू ठेवणाऱ्याला तापल्या तव्याचा आकडा. सकाळी उठून सुरू करणाऱ्याला पहिल्या घावनाचा." मला हे पटलं. माझ्या सासूला कधी पटलं नव्हतं.

हे खूळ खोक्यांपुरतं राहिलं असतं तर ठीक. त्याने रिक्षावाल्यांचीही तुलना काढली. स्टँडवरून घरापर्यंत कोण लवकर आणतो. रस्ता तोच, वेळ तीच, ओझंही तेच पाहिजे, आणि ओझं म्हणजे मी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रिक्षावाला. दुसऱ्याच दिवशी सगळ्या स्टँडला बातमी लागली. तिसऱ्या दिवशीच्या पोराने मला खड्ड्यांवरून असं उडवत आणलं की माझी कवळी हातात आली. कासम घड्याळ बघून म्हणाला, "हा पण धरायचा नाही. त्याला ठाऊक होतं आपण मोजतोय. ज्याला ठाऊक असतं तो खरा चालत नाही. काही सिस्टिमा नि काही यंत्रंही असलं करतात, वहिनी. परीक्षा ओळखली की शहाण्यासारखी वागतात."

"माणसंही," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला, आणि घड्याळ खिशात टाकलं. तो शुक्रवार होता. शुक्रवारी इरफानचा फोन येतो. तब्येत कशी, गोळ्या घेताय ना, काही पाठवू का. चांगला मुलगा आहे, चुकत नाही कधी. मी एकदा त्याचं कौतुक केलं तर कासम म्हणाला, "शुक्रवारचा फोन मी धरत नाही." मला वाटलं, धरत नाही म्हणजे उचलत नाही. मी त्याला शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या. उचलत होता तो. अर्थ वेगळा होता, तो मला पुढे कळला.

आता ती जुनी डिस्क. तिला तो मूळ माप म्हणायचा. नवीन कुठलीही सिस्टिम आली की आधी हिच्याशी ताडून बघायची. इरफानने बसवली तशीच ठेवलेली, एक गोष्ट बदललेली नाही. वजनाच्या मापाला कुणी कानस लावतो का, असं म्हणायचा. ती सुरू केली की काळ्या पडद्यावर सगळ्यात आधी एक ओळ यायची. इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात, जुळवता येत नाहीत. मधलं वाकडं प्रश्नचिन्ह तेवढं कळायचं. आणि ती ओळ आली की कासम उठून चहा ठेवायचा. रोज सकाळी. त्यातला एक कप गडग्यावर माझ्यासाठी. कित्येक वर्षं मी तो चहा पीत होते. कपात कधी मुंगी पडायची, ती काढून प्यायचे. मला वाटायचं शेजारधर्म.

जुन्या डिस्केचं जे खोकं होतं ते गेल्या पावसाळ्यात विजेने जळलं. डिस्क वाचली. तेव्हाच सुधारायचं. पण कासमच्या डोक्यात शिरलं, बरंच झालं, आता खरी तुलना होईल. खोकं एक, आतली सामग्री एक, बदलेल ती फक्त सिस्टिम. म्हणून त्याने जुनी डिस्क नव्या खोक्यात कोऱ्या डिस्केशेजारी बसवली. पेंग्विनवाली सिस्टिम डिस्कांना अक्षरांनी हाक मारते, सैतानवाली आकड्यांनी, शून्यापासून. हे त्यानेच मला दहा वेळा सांगितलं होतं. पण हात समुद्रावर वाढलेला. बोटी मोजताना पहिल्या बोटीला शून्य कोण म्हणतो?

तर पुसली.

"आता?" मी म्हटलं. "दुसरीकडे नक्कल असेल ना?"

"मूळ मापाला हात लावायचा नाही म्हणून केली नाही."

"लोकांना नक्कल करा, नक्कल करा म्हणून पिडतोस."

"हो."

"काय होतं एवढं त्याच्यात?"

"काही नव्हतं. इरफानचे कॉलेजचे दोन-चार हिशेब. आणि ती ओळ." मग त्याने ओळ म्हणून दाखवली. अब्बा, चाय झाली का? मग माझीपण ठेवा.

सुट्टीत आला होता पोरगा तेव्हा. दुपारपर्यंत झोपायचा. बापाच्या आधी चहा करायचा कंटाळा, म्हणून गंमत केली. सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी कासमने मशीन सुरू केलं आणि मशीन चहा मागू लागलं. सुट्टी संपली, कॉलेज संपलं, पोरगा विमानात बसला. मशीन मागत राहिलं आणि हा ठेवत राहिला. दोन कप.

म्हणजे तो दुसरा कप माझा नव्हताच. मला जरा रागच आला. पण तो चेहरा बघून रागवायचं तरी कसं?

मी म्हटलं, "पाठ आहे ना तुला? मग परत लिही. एवढीशी ओळ."

"मी लिहिली तर मीच मला विचारल्यासारखं होईल."

"मग इरफानला सांग. शुक्रवारी सांग, लिहून पाठव म्हणावं."

"तो लगेच पाठवेल," कासम म्हणाला. "त्याच दिवशी पाठवेल. पण सांगून लिहिलेलं धरत नाहीत, वहिनी."

  मी लसूण उचलला आणि घरी आले.

त्यानंतर कासमची घरघर बंद झाली. खोके सगळे झोपले. मांजर माझ्याकडे यायला लागलं, ऊब शोधत. सकाळी गडगा मोकळा. मला चहाचं काही नव्हतं, माझ्या घरी चहा-साखर आहे. पण भांडी घासताना नजर तिकडे जायची आणि मग मी उगाच मांजराला ओरडायचे. इरफानला फोन करावा असं दोन-तीनदा मनात आलं. नंबर आहे माझ्याकडे. केला नाही. केला असता तर ते कासमला कळलं असतं, आणि त्याने ते धरलं नसतं.

फणस तयार व्हायला लागले तेव्हा मी एक कोवळा उतरवून घेतला. भाजी केली, भरपूर झाली. एकटीच्या घरात फणस म्हणजे शिक्षाच. डबा घेऊन गडग्याला वळसा घालून त्याच्याकडे गेले. दार उघडं. कासम खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला, भरदुपारी, पंखा बंद. शुक्रवार होता, म्हणजे फोन होऊन गेला होता. माझ्या परीक्षेचं मशीन तेवढं चालू, फोन त्याच्यावरच घेतो तो. मांजर माझ्या मागोमाग आलेलं, आणि त्याचा डोळा डब्यावर.

झोपलेल्या माणसाला मी उठवत नाही. चिठ्ठी ठेवावी म्हटलं तर त्या घरात कागद सापडेल तर शपथ. हवेने कागदाचा लगदा होतो म्हणून तो ठेवतच नाही. शेवटी मशीनसमोर बसले, माझी ती कोरी खिडकी उघडली, आणि एका बोटाने लिहिलं:

फणसाचि भाजी ठेवली आहे. झाकण निट लाव. मांजर आहे.

नीटची वेलांटी पहिली की दुसरी ते आठवेना. सोडून दिलं. घरी येऊन आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी काही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरघर ऐकू आली, एक नव्हे, सगळ्या खोक्यांची. मग हाक. "वहिनी! जरा या इकडे. गिऱ्हाईक पाहिजे!"

गेले. त्याने मशीन सुरू केलं. पडदा काळा झाला, आणि सगळ्यात आधी, सैतान नाही नि पेंग्विन नाही, मोठ्या अक्षरांत आलं, फणसाचि भाजी ठेवली आहे. झाकण निट लाव. मांजर आहे.

"हे काय रे?"

"परीक्षा," कासम म्हणाला. कित्येक दिवसांनी दाढी केलेली होती. "कुठली सिस्टिम तुमची ओळ सुरू होतानाच धड दाखवते ते बघतोय. काळ्या पडद्यावर मराठी म्हणजे भल्याभल्यांची तारांबळ. केंडाने सगळे चौकोन दाखवले. सैतानाच्या पोराने अक्षरं दाखवली पण मात्रा वेलांट्या सगळ्या सांडल्या. त्याला बाहेरून अक्षरं आणून घातली, तेव्हा कुठे सुधारलं. पेंग्विनच्याही दोन वाड्या नापास झाल्या. ह्या एकीने नीट दाखवलं."

"म्हणजे शेवटी ही चांगली?"

"कुठल्या कामाला?"

"भाजीवर झाकण ठेवायच्या."

"हां," तो म्हणाला. "त्या कामाला ही."

मी म्हटलं, "माझं निट चुकलंय. ची पण चुकलीय. निदान ते तरी सुधार. नाहीतर काढूनच टाक ती ओळ. भाजी कधीच संपली."

"मूळ माप आहे, वहिनी. हात लावायचा नाही." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, लिहा म्हणून?"

"मला कोण सांगणार? मांजर बसलं होतं डब्यावर डोळा लावून. झाकण लावलंस का तेव्हा?"

"नाही. अर्धी मांजराने खाल्ली."

"तरी लिहिलं होतं."

"तरी लिहिलं होतं," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

या वेळी नक्कल केलीय त्याने, मी विचारून घेतलं. कप सकाळी गडग्यावर असतो. साखर कमी असते, ती मी घरी येऊन घालते. इरफान शुक्रवारी फोन करतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याची ती जुनी ओळ गेली ती गेली, परत आली नाही, आणि कासम अजून कधी कधी मशीन सुरू करताना पडद्याकडे जरा जास्त वेळ बघतो. ती ओळ ज्यांनी पाहिली, आणि ती पुसली तेव्हा जे त्या खोलीत बसले होते, अशी माणसं दोनच. सैतानाच्या पोरासारखं मोजलं तर शून्य कासम आणि एक मी.